मोटार सुरू होत नाहीं तेव्हां

मार्गशीर्षांतील थंडीची पहाट. जालना जिल्ह्यांतील अंबड गांवीं, मत्स्योदरी देवीच्या टेकडीजवळच्या एखाद्या गल्लींत, घरांतील वृद्ध मातुःश्रींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं छत्रपति संभाजीनगरला न्यावयाचें आहे. डॉक्टरांनीं सकाळीं आठाची वेळ दिलेली. पाचोडवरून जाणारा रस्ता दीड-दोन तासांचा. मातुःश्री शाल गुंडाळून मागच्या बैठकीवर बसल्या आहेत. चिरंजीव किल्ली फिरवितात, तों बॉनेटखालून नेहमींच्या घरघरीऐवजीं ‘टक्‌-टक्‌-टक्‌’ एवढाच क्षीण आवाज येतो. पुन्हां किल्ली, पुन्हां तोच आवाज. चौथ्या-पांचव्या खेपेस तोहि बंद पडतो. शेजारचे काका फाटकाशीं येतात, क्षणभर ऐकतात आणि निकाल देऊन मोकळे होतात: “बॅटरी गेली, दादा. आतां नवीच घ्यावी लागते.”

काकांचें म्हणणें खरें असेल किंवा नसेलहि. चिरंजीवांच्या मनांत येणारी शंका मात्र रास्त आहे. काल सायंकाळीं जी गाडी पहिल्या फटक्यास सुरू झाली, तिची बॅटरी एका रात्रींत मरेल कशी? याचें उत्तर असें कीं, ती एका रात्रींत मरत नाहीं. मराठवाड्यांतील मोटारीच्या बॅटरीला घाव बसतो तो वैशाखांत. मार्गशीर्षांत तो केवळ उघडकीस येतो.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं त्या काळ्या पेटीच्या आंत डोकावलें पाहिजे. तिच्यांत सहा घरें असतात. प्रत्येक घरांत शिशाच्या जाळीदार पट्ट्या आळीपाळीनें उभ्या केलेल्या असतात. एका जातीच्या पट्ट्यांवर भुसभुशीत शिसें, दुसऱ्या जातीच्या पट्ट्यांवर शिशाचें तपकिरी ऑक्साइड, आणि भोंवतीं पाण्यांत मिसळलेलें गंधकाम्ल. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनीं १८५९ सालीं हा शिशाचा घट प्रथम सिद्ध केला. आणि इतकीं वर्षें लोटलीं तरी त्याचें मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. एका घराचा दाब २.१ व्होल्ट, म्हणून सहा घरांचा मिळून १२.६. बॅटरीमधून वीज घेतली जाते तसतसें आम्ल पट्ट्यांत शिरतें, दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट धरूं लागतें आणि भोंवतालचें द्रव पाणचट होत जातें. इंजिन चालू झाल्यावर त्यास जोडलेला अल्टरनेटर उलट दिशेनें वीज भरतो आणि आम्ल पुन्हां द्रवांत परततें. ही देवघेव चालू आहे तोंवर बॅटरी जिवंत. परंतु ती रिकाम्या अवस्थेंत बरेच दिवस पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण मोठे व कठीण होतात आणि मग ते कितीहि वीज भरली तरी विरघळत नाहींत.

पूर्वीं हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा नव्हता, कारण इंजिन हातानें फिरवीत. पुढच्या बाजूनें लोखंडी हँडल खुपसून जोरानें फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलटा झटका दिला म्हणजे मनगट मोडण्याचा प्रसंग येई. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर बसविण्यांत आला आणि हँडलची सद्दी संपण्यास आरंभ झाला. आजच्या मोटारींना हँडल घालण्याचें भोंकच नसतें. सोय झाली, पण त्या बदल्यांत सगळा भार बॅटरीवर पडला. पेट्रोलच्या लहान गाडीचा स्टार्टरहि इंजिन फिरवितांना शंभराहून अधिक अँपियर प्रवाह ओढतो; डिझेल गाडीचा त्याहून बराच जास्त.

आतां उष्णतेकडे वळावें. जालना-अंबडकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. बंद बॉनेटखालीं, तापलेल्या इंजिनाच्या शेजारीं, तो कोठवर जात असेल याची कल्पना ज्यानें भर दुपारीं बॉनेटला हात लावला असेल त्यास सहज येईल. या उष्णतेनें घरांतील पाणी उडतें, पट्ट्यांचीं टोकें उघडीं पडतात आणि धन बाजूच्या जाळ्या आंतल्या आंत कुरतडल्या जातात. बॅटरीचें तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं तिचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. थंड मुलुखांत जी बॅटरी पांच-सहा वर्षें पुरते ती इकडे तीन-चार वर्षांत थकते त्याचें कारण हें. मात्र उन्हाळ्यांत ही झीज कळून येत नाहीं. इंजिनांतील तेल पातळ असतें, तें हलकें फिरतें, आणि अर्धमेली बॅटरीहि आपलें काम कशीबशी भागविते. पुढें मार्गशीर्षांत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. तेल दाट होतें, इंजिन जड होतें आणि त्याच वेळीं बॅटरीची शक्ति थोडी घटते. धडधाकट बॅटरीला एवढ्याशा थंडीची कांहींच मातबरी नसते; जी आधींच खंगलेली आहे तीच त्या पहाटे मान टाकते.

तरीहि काकांचा निकाल मान्य करण्यापूर्वीं दोन मिनिटें थांबून कान व डोळे यांचा उपयोग करावा. पुढचे दिवे लावावेत आणि मग किल्ली फिरवून पाहावी. दिवे मुळांतच मंद असतील, किंवा किल्ली फिरवितांच विझूं लागतील व टक्‌-टक्‌ असा आवाज येईल, तर दोष बॅटरींत किंवा तिच्या जोडांत आहे. दिवे प्रखर राहिले आणि एकच मोठा ‘ठक्‌’ असा आवाज होऊन सारें शांत झालें, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. दिवे प्रखर आणि आवाज मुळींच नाहीं, असें असल्यास स्टार्टरकडे जाणारी तार किंवा किल्लीचा स्विच पाहावा. नव्या गाड्यांत क्लच पुरता दाबलेला नसला, किंवा आपोआप गिअर बदलणारी गाडी ‘पार्क’ वा ‘न्यूट्रल’मध्यें नसली, तरी हाच प्रकार होतो, आणि तेवढ्यासाठीं मेकॅनिकला झोपेंतून उठविल्याचे प्रसंग कमी नाहींत. उलट, इंजिन जोमानें गरगर फिरतें आहे पण पेट घेत नाहीं, तर बॅटरी निर्दोष आहे. खोट इंधनाच्या किंवा ठिणगीच्या बाजूला आहे, आणि अशा वेळीं किल्लीशीं झटत राहणें म्हणजे चांगली बॅटरीहि रिकामी करून टाकणें होय.

दोष बॅटरीच्या बाजूचा ठरला, तरी प्रथम बॉनेट उघडून तिचीं दोन टर्मिनलें पाहावींत. पुष्कळदां त्यांवर पांढरा-निळसर क्षार फुलून आलेला असतो, किंवा पकड इतकी सैल झालेली असते कीं हातानेंच फिरते. शंभर अँपियरांचा प्रवाह अशा जोडांतून जाऊं शकत नाहीं. बॅटरी भरलेली असूनहि ती मेल्यासारखी वागते. अंबडच्या त्या पहाटे केवळ पकड घट्ट केल्यानें गाडी सुरू झाली असती, अशींहि उदाहरणें कोणताहि गॅरेजवाला सांगूं शकेल. क्षार काढावयाचा तर आधीं ऋण टर्मिनल सोडवावें व बसवितांना तें शेवटीं बसवावें. म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यांत कालवून त्यानें टर्मिनलें धुवावींत, परंतु त्याचा थेंबहि घरांत पडूं देऊं नये. पुसून, घट्ट आवळून, वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

एवढें करूनहि काम झालें नाहीं, तर शेजाऱ्याच्या बॅटरीचा आधार घ्यावा. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टांच्याच हव्यात. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा बारा व्होल्टांचीच असल्यानें ती चालते. पण जड ट्रकांत पुष्कळदां चोवीस व्होल्टांची योजना असते, आणि ट्रकवाला कितीहि परोपकारी असला तरी ती मोटारीस जोडूं नये. लाल तारेचें एक टोक थकलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलास व दुसरें चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलास लावावें. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलास, आणि तिचें शेवटचें टोक थकलेल्या बॅटरीस न लावतां त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावें. या शेवटच्या जोडाशीं ठिणगी उडते, आणि बॅटरीभोंवतीं हायड्रोजन वायु जमलेला असूं शकतो. त्याच कारणानें तेथें बिडी-सिगारेट किंवा काडी पेटवून पाहण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. बॅटरीचा स्फोट झाला म्हणजे आम्ल थेट डोळ्यांत उडतें. चांगल्या गाडीचें इंजिन पांच-दहा मिनिटें चालूं द्यावें, मग थकलेली गाडी सुरू करावी आणि तारा उलट क्रमानें सोडवाव्यात. धक्का मारून गाडी सुरू करण्याची आपली जुनी रीत गिअर हातानें बदलणाऱ्या गाडीस दुसऱ्या गिअरमध्यें चालते; आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीस गल्लींतील सगळीं पोरें जमवून धक्का दिला तरी व्यर्थ.

मातुःश्री आतां वेळेवर पोंचतील. वाटेंत चहासाठीं थांबावयाचें झाल्यास इंजिन बंद करूं नये एवढेंच. परंतु दोन तासांच्या प्रवासानें पार रिकामी झालेली बॅटरी पुरती भरत नाहीं. ती गॅरेजमध्यें चार्जरवर सावकाश भरून घ्यावी आणि मगच तिचा न्याय करावा. भरल्यानंतर कांहीं तास विश्रांति देऊन मल्टिमीटर लावला असतां १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. किल्ली फिरवितांना दाब साडेनऊच्या खालीं घसरला तर ती निकामी समजावी. इंजिन चालू असतांना मात्र सामान्यतः १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आंकडा यावयास हवा. तो बारा-साडेबारावरच घोटाळत असेल तर अपराधी अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. अशा गाडींत नवी बॅटरी बसविली तर तीहि आठवड्याभरांत त्याच वाटेनें जाईल, आणि दोष दुकानदाराला लागेल.

कित्येकदां बॅटरी, अल्टरनेटर, जोड सर्व ठीक असूनहि गाडी सुरू होत नाहीं, कारण ती नुसती उभी असते. चिरंजीव पुण्यास नोकरीला आणि गाडी अंगणांत, हें दृश्य अंबडला काय किंवा अन्यत्र काय, नवें नाहीं. घड्याळ, कुलुपाचा गजर इत्यादींसाठीं बंद गाडीहि थोडी वीज पीतच असते. ती ५० मिलिअँपियर धरली तर दिवसाला १.२ अँपियर-तास झाले. ३५ अँपियर-तासांची बॅटरी पंधरवड्यांत निम्मी रिकामी. पुढचे दिवे चालू राहिले तर चार तासहि लागत नाहींत. अशा गाडीस आठवड्यांतून एकदां अर्धा-पाऊण तास शहागडच्या बाजूला फिरवून आणावें. अंगणांतच पांच मिनिटें इंजिन चालवून समाधान मानण्यानें फारसें साधत नाहीं.

तपासणीला दसऱ्याचा दिवस फार सोयीचा आहे. नवरात्रांत मत्स्योदरीची यात्रा भरते, घरोघरीं गाड्या धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात. त्याच वेळीं बॉनेटहि उघडावें. उन्हाळा मागें पडलेला आणि थंडी अजून आलेली नाहीं, असा तो नेमका मधला काळ. घरांचीं झांकणें उघडतां येत असतील तर पाण्याची पातळी पट्ट्यांच्या वर असल्याची खात्री करावी, आणि कमी असल्यास केवळ शुद्ध डिस्टिल्ड पाणी घालावें. बोअरच्या पाण्यांतील क्षार पट्ट्यांना बाधतात. आम्ल तर कधींच घालूं नये, कारण उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे. बंद जातीच्या बॅटरीवर हिरवा ठिपका दाखविणारी कांच असते, पण ती सहांपैकीं एकाच घराची बातमी देते.

आणि बॅटरी खरोखरच गेली असेल, तर ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवूं नये. तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसें असतो. उघड्यावर फोडून, चुलीवर वितळवून तें काढलें जातें तेथील धूळ व धूर मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि नवी घेतांना जुनीची किंमत दुकानदार वजा करून देतो. ती नेतांना डिकींत जाड प्लास्टिकवर उभीच ठेवावी. आडवी झाली तर गळालेल्या आम्लानें गालिच्यास पडलेलीं भोंकें मग गाडी विकेपर्यंत दिसत राहतात.