तवंगाखालचं पाणी

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग दिसले म्हणून लगेच डिझेल-डिझेल करू नये. आधी एक काडी घ्यावी आणि तवंगातून ओढावी. तवंग पापडासारखा तडकला, त्याचे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगवेगळे तरंगत राहिले, तर ती लोखंडावर जगणाऱ्या जीवाणूंची साय. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. काडी पुढे गेल्यावर तवंग मागे पुन्हा मिटला, रंग गरगरत एकमेकांत मिसळले, तर मात्र नाक जवळ न्यावं. फुकटातली परीक्षा आहे आणि बहुतेक वेळा खरी ठरते.

मला ती उशिरा कळली. विठ्ठलवाडीत आत्याच्या चाळीमागे एक आड होता. एका पावसाळ्यानंतर त्याच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. कोणी जवळच्या गॅरेजकडे बोट दाखवलं, कोणी गल्लीतल्या पिंपांकडे. आत्या म्हणायची, "भांडी घासली तरी हाताचा वास जात नाही रे." तोवर घरोघरी नळ आले होते, त्यामुळे तपासणीच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आडावर आधी जाळी बसली, मग फरशी, आणि फरशीवर दुचाक्या. माझी तक्रार त्या फरशीबद्दल आहे. आड बुजवल्यानं खालचं पाणी कुठे जात नाही. त्याचा वास घेणारी माणसं तेवढी जातात.

नदीचं तसं नाही, नदी दिसते. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, अंबरनाथच्या शके 982 मधल्या (इ.स. 1060) शिवमंदिराला खेटून उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला उल्हास नदीच्या खाडीला मिळते. जेमतेम तीसेक किलोमीटरचा प्रवास. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस कोणीतरी टँकरभर रसायन तिच्यात ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं मळमळत, गुदमरत इस्पितळात पोहोचली. बातम्या झाल्या, चौकशी झाली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा 'वनशक्ती' संस्थेनं लावून धरलेला दावा हरित लवादातून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं हवंच होतं. पण तेच रसायन नदीऐवजी मागच्या अंगणात सांडलं असतं, तर कोणाला कळलं असतं?

इंधन जमिनीत शिरलं की काय होतं, ते गुंतागुंतीचं नाही. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, डिझेल थोडं जास्त, पण दोन्ही पाण्याहून हलकी. माती भिजवत ती भूजलाच्या पातळीपर्यंत उतरतात आणि तिथे वर तरंगतात. हा तवंग उपसता तरी येतो. खरी डोकेदुखी त्यातून पाण्यात विरघळणाऱ्या बेंझीनची. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन 1 टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर एक लिटर पेट्रोल जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी पिण्याच्या लायकीचं ठेवत नाही. दहा हजार लिटरवाले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टँकर! रक्ताचा कर्करोग करणारं म्हणून बेंझीनची ख्याती आहेच.

अशा जागा साफ कशा करायच्या, याचं जगातलं मोठं शाळाघर अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ आहे. 20 ऑगस्ट 1979 ला तिथे नळवाहिनी फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं गोळा केलं, काही जाळलं, तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिलंच. तिथल्या भूगर्भ खात्यानं 1983 पासून त्या जागेवर ठाणच मांडलं. दिसलं ते असं, की मातीतले जीवाणू स्वतःहून तेल खातात. आधी प्राणवायू वापरून, तो संपला की मातीतल्या लोखंडाच्या संयुगांवर, शेवटी मिथेन सोडत. विरघळलेल्या विषाचा लोट वाटलं होतं तितका दूर गेला नाही. तेल मात्र चार दशकांनंतरही पुरतं संपलेलं नाही.

म्हणून या धंद्यातलं अर्धं काम म्हणजे जीवाणूंना श्वास पुरवणं. एक किलो इंधन पचवायला त्यांना साधारण तीन किलो प्राणवायू लागतो, आणि आपल्या हवामानात लिटरभर पाण्यात तो मावतो 8 मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर पेट्रोलसाठी पावणेचार लाख लिटर ताजं पाणी. ते कोण देणार? मग भूजलाखाली नळ्या घालून हवा फुंकतात, वरच्या मातीतली वाफ पंपानं ओढून कोळशातून गाळतात, पाणी उपसून शुद्ध करून परत सोडतात. नत्र-स्फुरदाचा खुराकही देतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सांभाळणाऱ्याला यात नवल वाटू नये.

तयार जीवाणूंचीही कथा आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलखाऊ जीवाणूच्या पेटंटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली. खटला गाजला, जीवाणू मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसा पडलाच नाही. त्यापेक्षा दिल्लीच्या 'टेरी' संस्थेचं 'ऑइलझॅपर' कामाचं निघालं. तेलानं माखलेल्या जमिनीतूनच निवडलेल्या जीवाणूंचं हे मिश्रण मक्याच्या कणसाच्या भुशात मिसळून पोत्यात भरता येतं. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजं धडकली, तेव्हा किनाऱ्यावर आलेल्या तेलासाठी ते वापरलं गेलं.

पण बेमिजीची जमीन वाळूची. वाळूत पाणी सगळीकडून सारखं झिरपतं, नळ्या कुठे घालायच्या याचं गणित मांडता येतं. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. वर हातभर माती, मग मुरूम, मग कातळ. कातळात पाणी राहतं ते भेगांत, फटींत, दोन थरांमधल्या सांध्यांत. विहीर खणणारे याला 'झरा लागला' म्हणतात, आणि शेजारच्या विहिरीला तोच झरा लागेल याची हमी कोणी देत नाही. डिझेलही त्याच फटींतून जातं. गॅरेजला लागून असलेली बोअर स्वच्छ आणि दोनशे मीटरवरच्या आडाला वास, असंही होऊ शकतं. त्यात आपला पाऊस. ठाण्याकडे भूजल पावसाळ्यात वर येतं आणि वैशाखात काही मीटर खाली जातं, त्याबरोबर तवंग कातळाच्या भेगांना वरपासून खालपर्यंत चोपडला जातो. पाणी चढलं की तो त्यात अडकून दिसेनासा होतो. "गेला वाटतं एकदाचा," म्हणेपर्यंत उन्हाळ्यात पुन्हा वर तरंगतो. एका नमुन्यावर 'पाणी ठीक' असा दाखला देणाऱ्याला म्हणूनच माझा हात जोडून नमस्कार.

चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये 2013 मध्ये बोअरमधून पेट्रोलियम यायला लागलं. 2024 च्या पावसाळ्यात गोव्यात चिखली-दाबोळी भागातल्या विहिरींत आणि ओहोळात ते दिसलं. दोन्हीकडे खालून नळवाहिनी गेलेली. आणि दोन्हीकडे पहिली बोंब मारली ती पाणी भरणाऱ्यांनी.

शेताचं प्रकरण त्या मानानं सोपं. कल्याण-विठ्ठलवाडीच्या रुळांकडेला, नाल्याच्या पाण्यावर पालक, लाल माठ, चवळी यांचे हिरवे वाफे लोकलच्या दारातून वर्षानुवर्षं दिसत आले. तेलकट माती ओळखायला सोपी. पाणी ओतलं तर थेंब मोत्यासारखा वरच गडगडतो. जीवाणू तेल खाताना मातीतलं नत्र पळवतात, म्हणून रोप पिवळं पडतं. उपाय शेतकऱ्याला शिकवायला नको. नांगरून माती उलथापालथ करायची, शेणखत घालायचं, ओल धरायची, थोडा युरिया द्यायचा आणि काही महिने तिथे खायचं पीक घ्यायचं नाही. जळकं इंजिन ऑइल असेल तर त्यातले धातू कोणताच जीवाणू खात नाही. ती माती उचलावीच लागते.

कागदावरची स्थिती अगदीच वाईट नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी 2020 मध्ये पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शिका काढली. पंप शाळा, इस्पितळं, वस्तीपासून 50 मीटर लांब हवा, आणि भूजल उथळ असेल तिथे टाक्यांना जादा संरक्षण हवं, असं त्यात आहे. दूषित जागांचा शोध, तपासणी आणि खर्च कोणाच्या माथी याचे केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षानुवर्षं मोजते आहे. पण शहरातल्या आडांचं काय? कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातले बुजलेले आड नुसते नकाशावर मांडून त्यांतले मोजके उघडे केले, कुलूप लावून का होईना, तर कातळाच्या भेगांत डोकावायला खणलेली भोकं आयती मिळतील. नव्या बोअरच्या खर्चात असे कितीतरी आड साफ होतील.

आत्याच्या चाळीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. आड पार्किंगखाली गेला, पण बाजूला बोअर आहे, तिचं पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरतात. परवा गेलो तेव्हा वॉचमनकडून बादलीभर मागून घेतलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं. वर फिकट रंगांची साय धरली. झाडूची काडी मोडून त्यातून ओढली. साय तडकली, तुकडे दोन बाजूंना गेले आणि पुन्हा जुळले नाहीत. तरी मी वाकून वास घेत राहिलो. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, काही पडलंय का आत?"