असं का होतं? : सायकल आतून का गंजते

अकोल्याच्या जुने शहरातली एखादी जुनी पोलादी सायकल रंगानं शाबूत दिसते, तरी पायडलच्या आसाजवळ तिची नळी पोखरलेली असू शकते. गंजाला ओल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या गावात ओल कुठली, हा आक्षेप वरकरणी रास्त. पण तो पावसाळा विसरतो. सीटच्या दांडीच्या फटीतून शिरलेलं पाणी उतरत उतरत आसापाशी साचतं आणि बंद नळीत लवकर सुकत नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून नुसता बाहेरून रंग देणं ही अर्धीच राखण.

आतल्या बाजूला जवसाचं तेल चालतं. खोबरेल ओलंच राहतं. जवस मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन सायीसारखा थर धरतं आणि पुढे तो कडक होतो. दांडी काढून तेल ओतावं, सायकल सगळ्या बाजूंनी कलती करावी, जादा तेल निथळू द्यावं. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, तेव्हा हे काम मृगाआधीच उरकलेलं बरं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र ठेवू नये: वाळताना उष्णता सुटते, बोळा आपोआप पेटू शकतो.