नामांकित महाविद्यालयातील प्रवेश : टक्केवारी, धास्ती आणि वास्तव

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस जवळ येऊ लागले, की अनेक घरांतील वातावरण बदलते. जेवणाच्या ताटावर टक्केवारीची चर्चा सुरू होते. नातेवाईक आणि शेजारी सहज म्हणून विचारतात, 'मग, कुठल्या कॉलेजचा विचार आहे?' ज्याला हा प्रश्न विचारला जातो त्या मुलाला किंवा मुलीला मात्र तो सहज वाटत नाही. आपल्याला हवे ते महाविद्यालय मिळाले नाही तर पुढचे सारे आयुष्यच चुकीच्या वाटेला लागेल, ही भीती पंधरा-सोळा वर्षांच्या मनात घर करून बसते. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. परंतु तिचा मोठा भाग अपुऱ्या माहितीतून निर्माण झालेला असतो. म्हणूनच प्रवेशप्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते, टक्केवारीचा खरा अर्थ काय आणि पालकांनी कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

टंचाई जागांची नव्हे, नावांची

सन २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि साडेचौदा लाखांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात राबविण्यात आली. तोपर्यंत ती मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांपुरती मर्यादित होती. या प्रक्रियेत उपलब्ध असलेल्या जागा सुमारे २१ लाख होत्या. म्हणजेच विद्यार्थ्यांपेक्षा जागाच लाखोंनी अधिक होत्या आणि वर्षअखेरीस लाखो जागा रिकाम्या राहिल्या.

मग स्पर्धा आहे ती कशासाठी? ती आहे मूठभर महाविद्यालयांसाठी. मुंबईचे सेंट झेवियर्स हे त्यांपैकीच एक. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयाच्या कला शाखेत नव्वदीच्या पुढील टक्केवारीही अपुरी पडल्याचे अनेकदा दिसून आले आहे. जागा मोजक्या आणि इच्छुक हजारो, असे झाले की चांगले विद्यार्थीही बाहेर राहतात. त्यात त्यांचा दोष नसतो. तो निव्वळ संख्येचा परिणाम असतो.

'कटऑफ' म्हणजे काय?

कटऑफ ही महाविद्यालयाने अगोदर ठरविलेली पात्रतेची रेषा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसे नाही. एखाद्या गटातील शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे त्या फेरीचा कटऑफ. समजा, एका शाखेत खुल्या गटाच्या ६० जागा आहेत आणि त्या महाविद्यालयाला पसंती देणाऱ्यांमध्ये साठाव्या क्रमांकावरील विद्यार्थ्याला ९३.४ टक्के गुण आहेत. कटऑफ ९३.४ ठरला. एकसष्टाव्या क्रमांकावरील विद्यार्थिनीला ९३.२ टक्के असतील तर तिचा प्रवेश हुकतो. या दोघांच्या बुद्धीत वा कष्टात काही अंतर आहे, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. ही केवळ रांग आहे. ती कुठेतरी संपते आणि जिथे संपते तिथल्या आकड्याला आपण कटऑफ म्हणतो.

टक्केवारीही दिसते तितकी अचल नसते. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळांतर्गत गुण काढून टाकण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ते गुण पुन्हा देण्यात आले, तेव्हा निकाल ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. दोन वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मंद आणि मग एकदम हुशार झाली, असे अर्थातच घडले नाही. बदलली ती मोजपट्टी. यासाठीच मोठ्या भावाच्या वा चुलत बहिणीच्या काही वर्षांपूर्वीच्या टक्केवारीशी आपल्या मुलाची तुलना करणे अन्यायाचे ठरते.

ही मोजपट्टी कशी असावी यावरून न्यायालयातही दीर्घ वाद झाले आहेत. वेगवेगळ्या मंडळांच्या विद्यार्थ्यांना एका पातळीवर आणण्यासाठी शासनाने आणलेले पर्सेंटाइल सूत्र २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय २००९ मध्ये टिकला नाही. सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण उच्च न्यायालयाने अमान्य केले होते. ते २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि अकरावीसाठी योजलेली सामायिक परीक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वांना न्याय्य वाटेल असे सूत्र शासनाला आणि न्यायालयांनाही सहजासहजी सापडलेले नाही. अशा सूत्रातून निघालेल्या आकड्यावरून मुलाची संपूर्ण योग्यता ठरविणे कितपत उचित आहे, याचा पालकांनी विचार करावा.

पसंतीक्रम भरताना

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात विद्यार्थ्याला दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. येथेच धास्तीपोटी सर्वाधिक चुका होतात. 'झेवियर्स पहिले लिहिले आणि मिळाले नाही, तर दुसऱ्या ठिकाणची संधीही जाईल,' या भीतीने अनेक जण आवडते महाविद्यालय लिहीतच नाहीत. ही भीती अनाठायी आहे. वाटप गुणवत्ताक्रमाने होते. ज्याची पाळी येते त्याच्या यादीतील वरून पहिले उपलब्ध महाविद्यालय त्याला दिले जाते. आपण एखादे महाविद्यालय पाचव्या क्रमांकावर लिहिले म्हणून तेथे आपल्याला मागे ढकलले जात नाही. म्हणून पसंतीक्रम मनातील खऱ्या इच्छेच्या क्रमानेच भरावा आणि शेवटच्या काही जागा मागील वर्षी ज्यांचा कटऑफ आपल्या गुणांपेक्षा बराच कमी होता अशा महाविद्यालयांसाठी ठेवाव्यात.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थ्याला वगळले जाते, असा नियम २०२५ च्या प्रक्रियेत होता. तेव्हा जिथे खरोखर जायचे नाही असे महाविद्यालय केवळ नावासाठी पहिल्या क्रमांकावर लिहू नये. वसई-विरारच्या विद्यार्थ्याने दक्षिण मुंबईतील महाविद्यालय निवडताना गर्दीच्या लोकलमधील रोजचे जाणे-येणे किमान तीन तास खाईल, याचाही हिशेब करावा. सोळाव्या वर्षी रोजचे तीन तास म्हणजे अभ्यास, खेळ आणि झोप यांतूनच काढलेले तास होत. शिवाय नियमांत दरवर्षी फेरबदल होऊ शकतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक पालक व पाल्य यांनी एकत्र बसून वाचावे.

अल्पसंख्याक कोटा : समज आणि गैरसमज

आपल्या समाजात या विषयावर बरीच चर्चा होते, म्हणून तो स्पष्ट करणे इष्ट आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व त्या चालविण्याचा हक्क आहे. या हक्काच्या आधारे महाराष्ट्रातील अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत ५० टक्क्यांपर्यंत जागा त्या त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. ख्रिस्ती विद्यार्थ्याला हा लाभ ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेतच मिळतो. गुजराती वा सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्थेत त्याच धर्मदाखल्याचा उपयोग नाही.

'आपण कॅथलिक आहोत, म्हणजे प्रवेश ठरलेलाच,' हा मोठा गैरसमज आहे. कोट्याच्या जागाही गुणवत्ताक्रमानेच भरल्या जातात आणि नामांकित संस्थेत त्या क्रमालाही चढाओढ असते. कोट्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून संबंधित महाविद्यालयाच्या सूचनेप्रमाणे मुदतीत अर्ज करावा लागतो. धर्मग्रामाच्या कार्यालयातून मिळणारा बाप्तिस्म्याचा दाखला व शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद निकालापूर्वीच तपासून घ्यावी. नावातील वा आडनावातील एका अक्षराची तफावत ऐनवेळी धावपळ करावयास लावते. तसेच कोट्यातून प्रवेश निश्चित केला, की नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पदवीच्या पातळीवर दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचे उदाहरण बोधप्रद आहे. या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थेचा स्वतःच्या समाजाला प्राधान्य देण्याचा हक्क मान्य केला. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा आली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने बिगर-अल्पसंख्याक जागांसाठी केवळ या परीक्षेचे गुण धरावेत आणि ख्रिस्ती उमेदवारांसाठी परीक्षेचे ८५ टक्के व मुलाखतीचे १५ टक्के गुण धरता येतील, असा निर्णय दिला. याच दिल्ली विद्यापीठातील श्रीराम वाणिज्य महाविद्यालयाने २०११ मध्ये बारावीला वाणिज्य विषय नसलेल्यांसाठी १०० टक्के कटऑफ जाहीर केला होता. सामायिक परीक्षेने असे कटऑफ संपविले खरे. पण काळजी संपली नाही, तिने फक्त घर बदलले.

बारावीनंतरचा डोंगर

अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांकडे वळणाऱ्यांची स्पर्धा याहून कठीण आहे. २०२५ मध्ये जेईई मेन परीक्षेला सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थी बसले. आयआयटीच्या एकूण जागा होत्या १८,१६०. नीट परीक्षा दिली २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी, तर देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. हे आकडे मुलांना घाबरविण्यासाठी दिलेले नाहीत. शंभरातून मोजक्यांनाच मिळणारी गोष्ट न मिळणे म्हणजे अपयश नव्हे, हे त्यांवरून कळावे. या परीक्षा जरूर द्याव्यात. पण त्यांच्या जोडीला दुसरी व तिसरी वाट आधीच आखलेली असावी. फार्मसी, परिचर्या, मूलभूत विज्ञान, विधी, शिक्षणशास्त्र, वास्तुकला, कृषी या वाटा 'उरलेल्यांसाठी' नाहीत.

महाविद्यालयाच्या नावाने किती फरक पडतो?

या प्रश्नावर अमेरिकेत झालेले संशोधन उद्बोधक आहे. स्टेसी डेल व अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नामांकित महाविद्यालयात निवड होऊनही अन्यत्र शिकलेल्यांची पुढील कमाई नामांकित ठिकाणी शिकलेल्यांच्या बरोबरीचीच आढळली. मात्र गरीब कुटुंबांतून आलेल्यांना नामांकित महाविद्यालयाचा लाभ झाल्याचे दिसले. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, अमेरिकेतील अत्युच्च महाविद्यालयांमुळे सरासरी उत्पन्नात विशेष फरक पडत नाही. पण सर्वाधिक कमाई करणाऱ्या एक टक्का लोकांत पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते.

आपली परिस्थिती वेगळी असली तरी यातून एक समतोल विचार घेता येईल. नाव अगदीच निरर्थक नसते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जात आहे, तिथल्या मुलीसाठी चांगले ग्रंथालय, जाणकार प्राध्यापक आणि नव्या ओळखी यांचे मोल मोठे आहे. तिने प्रयत्न अवश्य करावेत आणि घरच्यांनी तिला पाठबळ द्यावे. परंतु बहुतेकांच्या बाबतीत पुढील आयुष्य घडते ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तयारीने, चिकाटीने आणि आवडीने. घराजवळच्या महाविद्यालयातही हे गुण वाढू शकतात.

पालकांसाठी थोडे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. कारणे अनेक असतात आणि प्रत्येक प्रसंगी परीक्षा हेच कारण नसते. तरीही या संख्येकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, महाविद्यालये व शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे त्यांत म्हटले आहे. संस्थांना लागू असलेली ही तत्त्वे घरालाही लागू पडतात.

मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, तो मित्रांना टाळू लागला किंवा 'माझा काही उपयोग नाही' असे बोलू लागला, तर त्याला उपदेश न करता त्याचे ऐकून घ्यावे व तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो दिवसरात्र उपलब्ध असतो व तेथे मराठीतूनही बोलता येते. घरात हा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

निकालापूर्वीच पालकांनी पाल्याला एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे : 'गुण कितीही पडोत, पुढे काय करायचे ते आपण मिळून ठरवू.' हे वाक्य निकालानंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते; आधी सांगितले तर तो आधार ठरतो. आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, अर्ज काळजीपूर्वक भरा, आवडते नाव निःसंकोच पहिले लिहा आणि जे महाविद्यालय मिळेल तेथे पहिल्या दिवसापासून मन लावून शिका. यादीत नाव न लागणे म्हणजे त्या वर्षीच्या रांगेत थोडे मागे असणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.