मोठ्या आवाजातली गाणी आणि बंद खिडक्या

वसईतल्या कॅथलिक कुटुंबांच्या घरी नाताळची चाहूल चार रविवार आधी लागते. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते, गायनवृंदाचा सराव रंगू लागतो, गोठ्याची तयारी सुरू होते. २०२० साली हा काळ २९ नोव्हेंबरला सुरू झाला. राज्यातली प्रार्थनास्थळे आठ महिने बंद राहून जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी उघडली होती. करोना गेला नव्हता आणि लस अजून आली नव्हती.

त्या आगमनकाळात चर्चच्या दारापासूनच बदल दिसत होते. दाराशी तापमापक आणि सॅनिटायझर, बाकांवर अंतराच्या खुणा, पवित्र पाण्याची कोरडी भांडी. ख्रिस्तप्रसाद जिभेऐवजी तळहातावर घ्यायचा. शांतीचे अभिवादन करताना हस्तांदोलन टाळायचे. हा शेवटचा बदल भारतीय कॅथलिकांना जड गेला नाही, कारण १९६९ पासून इथल्या उपासनेत हात जोडून नमस्कार करण्याला मान्यता आहे.

यातल्या बऱ्याच उपायांचा रोख स्पर्शावर होता. बाक, मूठ, नळ, पुस्तक यांच्यावर विषाणू असेल, ही सुरुवातीची मोठी भीती. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितले की, विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी असते. खरा धोका श्वासातून बाहेर पडून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा होता. बंद खोलीत हे कण बराच वेळ टिकतात आणि दोन मीटरच्या खुणेपाशी थांबत नाहीत.

याचे सर्वात बोलके उदाहरण एका गायनवृंदाचेच आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी ६१ जण सरावाला जमले. सराव अडीच तास चालला. एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्याच्यासह एकूण ५३ जण आजारी पडले. त्यातल्या ३३ जणांचा आजार चाचणीतून नक्की झाला, २० जणांचा संभाव्य धरला गेला. दोघे दगावले. सरावाला येताना लोकांनी हात निर्जंतुक केले होते, गळाभेटीही टाळल्या होत्या. पण हवा सगळ्यांची एकच होती.

मग गाणे बोलण्यापेक्षा फारच घातक का? ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्येच २५ गायक-कलाकारांवर मोजणी केली. सारख्याच आवाजात गाणे आणि बोलणे यांत फरक थोडाच होता. मोठा फरक पडला तो आवाजाच्या पट्टीने. अगदी हळू आवाजाच्या तुलनेत सर्वात मोठ्या आवाजात बाहेर पडणाऱ्या कणांचे वस्तुमान वीस ते तीस पट भरले. म्हणजे हळू गाणे आणि माईक वापरणे हा साधासा उपायही कामाचा होता.

डिसेंबरच्या शेवटी राज्य सरकारने नाताळसाठी जे नियम काढले, त्यात ही समज दिसते. मिस्सेला जास्तीत जास्त ५० जण, गायनवृंदात दहाच गायक आणि प्रत्येकाने वेगळा माईक वापरावा, अशा सूचना होत्या. साठीपुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच सण साजरा करावा, असेही त्यात होते. महापालिका क्षेत्रांत २२ डिसेंबरपासून रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी होती, त्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा शक्यच नव्हती. व्हॅटिकनमध्येही पोप फ्रान्सिस यांची नाताळची मिस्सा संध्याकाळी साडेसातला झाली.

पण हजारो माणसांच्या धर्मग्रामात ५० जण म्हणजे किती? नाताळच्या दिवशी एका धर्मगुरूला चार मिस्सा करू देण्याचा अधिकार व्हॅटिकनने १६ डिसेंबरला बिशपांना दिला. तरीही एका धर्मगुरूमागे हिशेब दोनशे माणसांचाच लागतो. बाकीच्यांसाठी मोबाइलचा पडदा आणि मनोमन घेतलेला ख्रिस्तप्रसाद.

सर्वात अवघड प्रश्न होता तो आजी-आजोबांचा. करोनाचा जीवघेणा धोका त्यांनाच जास्त, म्हणून त्यांना घरी ठेवणे शास्त्राला धरून होते. पण अनेकांच्या आठवड्यातले घराबाहेरचे एकमेव जाणे म्हणजे रविवारची मिस्सा. तिथेच ओळखीची माणसे भेटतात, तब्येत विचारली जाते. चार ओळखीच्या बायकांनी ‘आज दिसली नाही’ असे म्हटले की कोणीतरी घरी डोकावते. ही वीण तुटली की औषधे चुकतात, भूक मंदावते, बोलणे कमी होते. एकटेपणा आरोग्याला घातक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये त्यासाठी खास आयोग नेमून अधोरेखित केले. संसर्ग टाळणे आणि माणूस न तोडणे, ही दोन्ही कामे आरोग्याचीच आहेत.

त्या वर्षाने शिकवलेल्या गोष्टी फ्लूच्या दिवसांतही उपयोगी आहेत. मिस्सेआधी आणि मिस्सा चालू असताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जुन्या चर्चचे उंच छत कण विरळ करायला मदत करते, पण वाऱ्याची जागा घेत नाही. सरावाची खोली मात्र बहुधा लहान असते, म्हणून सराव अंगणात किंवा मधे विश्रांती घेऊन, खिडक्या उघडून करावा. खोकला-ताप असलेल्या गायकाने त्या दिवशी सुट्टी घ्यावी आणि इतरांनी त्याला नावे ठेवू नयेत. आजारी व्यक्तीला भेटायला जाताना मास्क लावावा.

आणि बाकावरची एखादी नेहमीची जागा सलग दोन रविवार रिकामी दिसली, तर फोन करावा. त्याला तापमापक लागत नाही.