किल्ल्यापासून कोटापर्यंत

वसईचा मुलूख सपाट, असे आगगाडीतून वाटते. सायकलस्वारास मात्र गिरीजचा हिरा डोंगर निराळेच सांगतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेल्या किल्ल्यापासून सकाळी निघावे, गिरीजचा चढ सायकल हाती धरून चढावा, मग वाड्यांमधून निर्मळला जाऊन तळ्याकाठी विसावा घ्यावा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की सोपाऱ्याकडे वळावे. तो पाठीशी राहतो. हे गणित माझ्या वडिलांचे. याच बिनगियरच्या सायकलीवरून त्यांनी वर्षानुवर्षे नालासोपारा स्टेशनावर भाजी नेली. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उजेडात आणला, हे मी कॉलेजात आल्यावर वाचले. वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, रोज तिथंच तर मी दम खायचो!"