बिनपंख्याचा संगणक आणि चुडाव्याचा उन्हाळा

पूर्णा आणि नांदेड यांच्या मधल्या रेल्वेमार्गावर चुडावा आहे. कापूस, सोयाबीन, हळद पिकवणारं गाव. इथं दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच, एखाद्या खोलीत रचून ठेवतात. त्याचे तंतू घरभर तरंगत राहतात आणि संगणकाचा पंखा ते दिवसरात्र आत ओढत असतो. प्रोसेसरवरच्या अल्युमिनियमच्या पात्यांमध्ये त्यांची नमद्यासारखी घट्ट गादी बसते. वारा अडला की पंखा आणखी जोरात फिरतो, आवाज वाढतो, बेअरिंगमधलं वंगण वाळतं. मग मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश झाले की ऐन दुपारी मशीन आपोआप बंद पडतं.

बिनपंख्याचा संगणक म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचा शांततेचा शौक, असं समजलं जातं. मला तो आमच्यासारख्या धुळीच्या, उन्हाच्या आणि लाईट जाणाऱ्या गावांचाच संगणक वाटतो. विशेषतः ज्याला घरात व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत, त्याच्यासाठी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरनं उभे केलेले अनेक आभासी संगणक. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, मेमरी वेगळी, डिस्क वेगळी. एक बिघडला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रानं १९६७ च्या सुमारास एकाच मोठ्या यंत्रावर प्रत्येक वापरणाऱ्याला जणू स्वतंत्र यंत्र मिळेल अशी सोय केली होती. २००५ मध्ये इंटेलनं साध्या प्रोसेसरमध्येच त्यासाठीचा आधार दिला. २००७ मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि ही सोय फुकटात घरोघर पोचली. आज प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली उतरवून घेतली की जुजबी माहिती असलेला विद्यार्थीही तासाभरात पहिलं व्हर्च्युअल मशीन उभं करतो.

नांदेडला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलाला सर्व्हर, डेटाबेस, फायरवॉल, नेटवर्क हे सगळं हातानं मोडून-जोडून बघायचं असतं. भाड्याचा सर्व्हर घेतला तर महिन्याचं बिल येतं, आणि गावात नेट गेलं की सरावही थांबतो. घरातल्या एका पेटीत सहा-सात मशीन असतील तर नेटची गरजच उरत नाही. काही चुकलं तर आधी घेऊन ठेवलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जपून ठेवलेल्या स्थितीवर, परत यायचं, पुन्हा मोडायचं. शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सरावाची व्हर्च्युअल मशीन बहुतेक वेळ रिकामी बसलेली असतात. त्यांना मेमरी भरपूर लागते, प्रोसेसर फार थोडा. फायरवॉलला १ जीबी, तीन लिनक्स सर्व्हरना २-२ जीबी, डेटाबेसला ४, विंडोजला ८, आणि मूळ प्रणालीला ४ असं धरलं तर २३ जीबी होतात. ३२ जीबीत निवांत बसतात. आणि मेमरी फारशी तापत नाही, तापतो तो प्रोसेसर. म्हणून पैसा मेमरीत घालावा आणि प्रोसेसर कमी वॅटचा घ्यावा. हे जमलं की पंख्याची गरजच संपत जाते.

पंखा काढला तरी उष्णता कुठंतरी गेलीच पाहिजे. या संगणकाची पेटी जाड अल्युमिनियमची असते आणि तिच्या बाजूंना उभे पन्हाळे असतात. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसतो आणि त्यातून निघालेल्या तांब्याच्या नळ्या पेटीच्या भिंतीला भिडतात. या उष्णतानळ्या आतून पोकळ. त्यांतली हवा काढून थेंबभर पाणी सोडलेलं असतं. दाब कमी असल्यानं ते पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालीच उकळतं, वाफ थंड टोकाकडं धावते, तिथं उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून केशाकर्षणानं परत येते. ना मोटर, ना वीज. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी विकसित केली ती अवकाशातल्या वापराचा विचार करून.

जोडणीत हात सांभाळावा लागतो तो नळ्या ठोकळ्याच्या आणि भिंतीच्या खाचांत बसवताना. खाचेत उष्णतावाहक पेस्टचा पातळ, सलग थर हवा. मध्ये हवेची फट राहिली तर तिथंच उष्णता अडते. वरची पट्टी आवळताना एक स्क्रू पूर्ण पिळून मग दुसरा, असं करायचं नाही. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे दाब सगळीकडं सारखा पडतो. एसएसडीलाही पॅड लावून पेटीच्या तळाशी टेकवावी. फिरणारी हार्डडिस्क नकोच.

मग गणित. पेटी बनवणारे सहसा पंचवीस अंशांची खोली डोळ्यांसमोर ठेवतात. समजा ३५ वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापतो. पंचविसाच्या खोलीत तो सत्तरला राहील. आमच्या बेचाळिसाच्या खोलीत सत्याऐंशीला. शंभराला तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे हाताशी फारसं काही उरलं नाही. शिवाय प्रोसेसरवरच्या आकड्यावर विसंबू नये. इंटेलचा आय५-१२४००टी ३५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण जोरात धावताना ७४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बायॉसमध्ये जाऊन ही मर्यादा २५ वॅटवर बांधली की तोच प्रोसेसर बेचाळिसाच्या खोलीतही चौऱ्याहत्तरच्या आसपास राहतो. वेग थोडा घटतो. रिकाम्या बसलेल्या मशीनना ते कळतही नाही. चार-पाच हलकीच मशीन चालवायची असतील तर इंटेलचाच ६ वॅटचा एन१०० पुरे.

हे गणित न मांडण्याची किंमत ॲपलनं मोजली आहे. १९८० च्या ॲपल थ्रीमध्ये पंखा नको हा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. यंत्रं बिघडू लागली, चिप खोबणीतून सैल व्हायच्या, आणि त्या परत बसाव्यात म्हणून संगणक दोन-तीन इंच उचलून टेबलावर सोडा, असा सल्ला ग्राहकांना द्यायची वेळ आली.

जागेचंही पथ्य आहे. जुन्या घरातला कोनाडा सोयीचा दिसतो, पण तिथं गरम हवा वर निघून जात नाही. भिंतीपासून वीतभर दूर, उघड्या फळीवर, पन्हाळे उभे राहतील अशी पेटी ठेवावी. पत्र्याच्या खोलीत नको, कापसाच्या खोलीत तर नकोच. पन्हाळ्यांवरची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं झटकली की झालं. पेटी जवळजवळ बंद असल्यामुळं पाली, झुरळं, मुंग्या आत शिरत नाहीत. पंखा गेल्यावर मात्र आधी लपलेला एक आवाज कानी येतो, बोर्डावरच्या कॉइलची बारीक किणकिण. लोड कमी-जास्त झाला की तिचा सूर बदलतो. दोष नाही तो, पण उशाशी मशीन ठेवणाऱ्यानं बोर्ड घेताना त्याची चौकशी करावी.

विजेच्या बाबतीत हा संगणक आमच्या फार कामाचा. अशी मशीन लॅपटॉपसारख्या ॲडाप्टरवर चालतात. सरासरी १५ वॅट धरले तर दिवसरात्र चालू ठेवूनही महिन्याला अकराच्या आत युनिट. घरातल्या दीडशे एएच इन्व्हर्टर बॅटरीची निम्मी शक्ती वापरायची म्हटलं, तरी राऊटरसकट २५ वॅटचा भार, इन्व्हर्टरमधली घट सोडली तर, दीड दिवस निघतो. पावसाळ्यात वादळानं तार तुटून लाईट गेली तरी डेटाबेस मधेच बंद पडून खराब होत नाही.

व्हिडिओचं संपादन, मोठे गेम, ग्राफिक्स कार्डावर चालणारी एआय मॉडेल हे मात्र या पेटीचं काम नाही. शेकडो वॅट गिळणाऱ्या कार्डाला पंखा हवाच, आणि तो निमूट लावावा. बाकी जी जड कामं टळत नाहीत, म्हणजे सगळ्या मशीनचा बॅकअप, कर्नल नव्यानं बांधणं, ती उन्हाळ्यात क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत, पहाटे चारला लावावीत. मे महिन्यातही त्या वेळी चुडाव्याची हवा दुपारपेक्षा बारा-पंधरा अंशांनी उतरलेली असते, आणि पेटीला तेवढं पुरतं.