डबा कंपनीचा, नाव आपलं

26 जुलै 2008च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्ब फुटले आणि 56 माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल पोहोचला होता. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने आयपी पत्त्यावरून माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका उंच इमारतीत जाऊन थांबला. फ्लॅटमध्ये राहत होता एक अमेरिकन. त्याची कसून चौकशी झाली, संगणक तपासायला नेले. त्याचा ईमेलशी काही संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतं, आणि ते बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं.

23 ऑगस्टला असाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. 13 सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीच्या कनेक्शनवरून. मग जानेवारी 2009मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याचे आदेश काढले.

आज गाझियाबादेत, इंदिरापुरम किंवा राजनगर एक्स्टेन्शनच्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडा. वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांची नावं रांगेने दिसतात आणि बहुतेकांपुढे कुलपाचं चिन्ह असतं. सानपाड्याचा धडा एवढा तरी मुरला. कुलूप कसलं आहे, हे मात्र कनेक्शन जोडायला आलेल्या पोराला विचारावं. ‘पासवर्ड क्या रखूँ?’ असं तो विचारतो आणि घरमालक सवयीने आपला मोबाईल नंबर सांगतो. तोच नंबर खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर चिकटवलेला असतो.

नंबर ठाऊक नसला तरी फारसं बिघडत नाही. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते, आणि ती हवेतून टिपता येते. एकदा टिपली की राउटरच्या आसपास थांबायची गरज नाही. घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघायचा. भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9ने. म्हणजे सगळे मिळून 400 कोटी. आकडा अवाढव्य वाटतो, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम आहे. त्यापेक्षा घरातल्यांनाच सुचतील असे, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले तर ते कार्ड थकून जाईल.

हा झाला दाराचा पासवर्ड. डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा, आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जुलै 2017च्या अखेरीस बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम एका मालवेअरने निकामी केले. त्यांत शिरायला फार हुशारी लागली नाही. कारखान्यातून आलेलं ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड तसाच होता. पासवर्ड बदला, असं ग्राहकांना सांगण्यात आलं, तेही नंतर. त्याआधी 2016मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने असेच साठेक ठरीव पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, 21 ऑक्टोबरला त्या फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास बंद पाडल्या.

सगळा दोष ग्राहकावर ढकलणं मला पटत नाही. डबा कंपनी निवडते, जोडते, पुष्कळदा दुरून चालवतेही. पोलिसांच्या नोंदीत नाव मात्र बिल भरणाऱ्याचं. ब्रिटनने 29 एप्रिल 2024पासून सरसकट एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून उपकरण विकायला बंदी केली. सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हेही विकतानाच जाहीर करायला लावलं. ही दुसरी अट जास्त मोलाची, कारण राउटर बिघडल्याशिवाय कुणी बदलत नाही. नोव्हेंबर 2024मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या राउटरांत गंभीर त्रुटी उघड झाल्या. कंपनीने दुरुस्ती दिली नाही, नवा घ्या म्हणाली. भारतातही वाय-फाय राउटरसाठी सुरक्षा-चाचणीचे निकष दूरसंचार विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राने तयार केले आहेत.

घरातला डबा उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर, सेटिंगचा पत्ता आणि बहुधा मूळ पासवर्डही असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) आणि बाहेरून नियंत्रणाची सोय बंद करा, फर्मवेअरची तारीख बघा. ते पान कंपनीने कुलूपबंद ठेवलं असेल, तर ही कामं करायची कुणी, हे कस्टमर केअरला फोन करून विचारा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.